पिशवी उभी ठेवा

जुन्या पनवेलहून तळोजा एमआयडीसीत जायला लागून वीसेक वर्षं झाली. औषध कंपनी म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे इंजेक्शन बनवता?" नाही हो. इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच वाफवतो. आमच्याकडे त्याला स्टॉपर म्हणतात.

धुतलेले स्टॉपर पिशवीत भरायचे, ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर वाफवायचे आणि पलीकडच्या दारानं थेट निर्जंतुक खोलीत काढायचे. ऐकायला मोदक उकडण्याइतकं सोपं. पण मोदकपात्रात हवा राहिली तर फार तर मोदक कच्चा राहतो.

कोरड्या उष्णतेला 160 अंश आणि दोन तास लागतात. वाफ तेच काम 121 अंशांवर पंधरा मिनिटांत करते, कारण गार रबराला टेकताच तिचं पाणी होतं आणि पोटातली उष्णता ती तिथेच सोडते. टेकायला मात्र हवी. मध्ये हवा अडकली की काटा बरोबर, चार्ट देखणा आणि आतलं रबर जेमतेम गरम.

पिशवीची एक बाजू प्लास्टिकची, दुसरी तायव्हेकची. वाफ आत-बाहेर करते ती तायव्हेकमधूनच. नवा होतो तेव्हा, पाळी संपायच्या आत लोड उरकायचा म्हणून मी पिशव्या आडव्या, एकावर एक रचल्या. एकीचं तायव्हेक दुसरीच्या प्लास्टिकखाली दबलं. चार्टवर काही दिसलं नाही. मधल्या पिशवीत चाचणीसाठी बीजाणूंची कुपी होती. ती इन्क्युबेटरमध्ये ठेवली, तर दुसऱ्या दिवशी जांभळं द्रावण पिवळं. पिवळं म्हणजे आतले जिवंत. सगळा लोड बाद. साहेब ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "पिशव्या कशा ठेवल्या होत्यास?"

बुचाचं प्रकरण किती महागात पडतं ते मला पुढे वाचनात आलं. 1902 साली पंजाबातल्या मलकोवाल गावी, परळच्या प्रयोगशाळेतल्या प्लेगच्या लशीची एकच बाटली टोचलेले 19 जण धनुर्वातानं गेले. ठपका आला लस शोधणाऱ्या हाफकिन यांच्यावर. चौकशीच्या कागदांत मात्र एक साधी नोंद होती: बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला, आणि बूच त्याच चिमट्यानं ओढलं गेलं. हाफकिन दोषमुक्त व्हायला 1907 उजाडलं. प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं 1925 मध्ये.

नव्या मुलांना मी चार्ट नंतर दाखवतो, आधी ट्रॉली. पिशव्या उभ्या, दोन पिशव्यांत बोटभर जागा. एक ट्रॉली जास्त लागते. लागू दे.