बर्फावरचा मराठी संघ

भिवंडीत बर्फ पाहायचा तर सरबताच्या गाडीवर, नाहीतर मासळीच्या पाटीत. एवढ्या पुंजीवर मी आइस हॉकीचा संघ उभा करायला निघालो! आई म्हणाली, "आधी परीक्षेचं बघ."

निमित्त लडाखच्या मुलींचे. २०२५ साली आशिया चषकात भारताच्या महिला संघाने कांस्यपदक मिळवले. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. बर्फावर त्या एकमेकींना आपल्या बोलीत हाका मारत असतील, या कल्पनेनेच मला भुरळ घातली. मग आपला मराठी संघ का नको? शिवाय या खेळात आमच्या गावात कुणाचा कुणाशी जुना हिशेब नाही!

रात्री ओट्यावर बैठक भरली. पलीकडे मागांची खडखड, त्यामुळे निवड ओरडूनच करावी लागली. गोलरक्षक धरून सहा गडी हवेत. नियम एकच : धर्म नाही, जात नाही, फक्त भाषा. दाखल्यासाठी मी पंचरंगी सामन्यांची गोष्ट सांगितली. मुंबईच्या त्या क्रिकेटमध्ये संघ धर्मावर पडत. विजय हजारे मूळचे सांगलीचे, पण ख्रिस्ती म्हणून 'इतर' या संघात. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध 'इतर'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! १९४६ साली ते सामने बंद पडले. "आपल्या संघात हजारे 'इतर' नसते," मी ऐटीत म्हणालो.

निवड झपाट्याने झाली. खाडीकाठचा आगरी दोस्त, वज्रेश्वरीकडचा वारली, एक सातारकर, मी. कोकणी मुसलमान मित्रावर थोडा वाद झाला, कारण तो शाळेत उर्दू शिकला. पण त्याच्या आजीच्या बोलण्यातले निम्मे शब्द माझ्या रत्नागिरीच्या आजीच्या तोंडचे. तोही आत.

राहिला गोलरक्षक. त्या जागेला आमच्या आळीत एकच माणूस. त्याचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला आले. घरात तेलुगू. शाळा मात्र आमचीच, आणि मराठीत त्याला माझ्यापेक्षा नेहमी जास्त गुण.

"तू मराठी बोलतोसच की," कुणीतरी म्हणाले.

"बोलतो. पण राग आला की तेलुगूच येते रे तोंडात. गोल झाला तर शिवी कुठल्या भाषेत देऊ?"

सगळे हसले. तो हसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे मी 'इतर' ना?"

नेमकी त्याच वेळी वीज गेली. माग थांबले. एवढ्या शांततेत ओरडायची गरज नव्हती, तरी माझ्या तोंडून शब्द फुटेना. अंधारात तो उठून गेल्याचे चपलांच्या आवाजावरून कळले.

सकाळी यादीत त्याचे नाव लिहून मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई दारात तांदूळ निवडत होती.

"पाळीवर गेलाय," ती मराठीत म्हणाली. "बस ना. चहा ठेवते."