दोन चपला आणि एक वाटी

मोटार विम्याचे क्लेम तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. ट्रक-रिक्षा, स्कूटर-म्हैस, काहीही असो, पंचनामा वाचून चूक कोणाची हे मी चहा संपायच्या आत सांगायचो. निवृत्तीनंतर मुलीने ‘मास्टर्स ऑफ द एअर’ ही मालिका लावून दिली. त्यातल्या अमेरिकन 100व्या बॉम्ब ग्रुपची माहिती चाळताना कळलं, की त्यांची दोन बॉम्बफेकी विमानं हवेत धडकून एकमेकांना चिकटली होती. तारीख 31 डिसेंबर 1944. म्हणजे ऐंशी वर्षांचा जुना क्लेम. आठवड्यात निकाल लावतो, असं मी घरात जाहीर केलं. त्याला आता पाच महिने झाले.

पहिली चार पानं टिपणं काढली ती भलत्याच अपघाताची. ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉकल्सबी गावावर 1940च्या सप्टेंबरात ॲन्सन जातीची सरावाची दोन विमानं एकावर एक अडकली. वरच्याची इंजिनं बंद पडली, खालच्याची चालू होती. वरच्यातल्या लेनर्ड फुलर नावाच्या बावीस वर्षांच्या पोराने ती जोडगोळी तशीच एका शेतात उतरवली. आणि 1944 साली तो सायकलवरून जाताना बसशी टक्कर होऊन गेला! बस-सायकल म्हणजे माझाच प्रांत, मी रंगून लिहीत बसलो. मुलगी खांद्यावरून डोकावून म्हणाली, “बाबा, तुमची विमानं जर्मनीत आहेत.”

मग भाषेची पाळी आली. आपलं विमान बी-17, टोपणनाव ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’, मी लिहिलं ‘उडता गड’. पंखांचा विस्तार 103 फूट, तीन एसटी बस एकामागे एक लावाव्यात तेवढा. ‘वेस्ट गनर’चा मी केला ‘कमरेचा बंदूकवाला’, इथवर ठीक होतं. पण ‘बेल्ड आउट’ असं जिथे जिथे आलं, तिथे मी ‘जामिनावर सुटले’ असं लिहीत गेलो. जर्मन इतके उदार कसे, याचं दोन दिवस नवल करत होतो. त्याचा अर्थ विमानातून उडी मारली असा आहे.

नंबरांनी तर घाम काढला. खालच्या विमानाचा नंबर कागदावर 42-31987. शेपटीवर मात्र 231987. नंबर प्लेट खोटी, हा माझा पहिला संशय! खरं कारण साधं. पुढचे 42 म्हणजे मागणी नोंदवल्याचं सरकारी वर्ष आणि रंगवताना त्यातला पहिला आकडा गाळायचे. परत न आलेल्या विमानाचा एक अहवाल भरायची पद्धत होती. त्यात माणसांच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनचेही नंबर लिहायचे. मी बंदुकाही माणसांत मोजल्या आणि नऊ जणांचं विमान खचाखच भरून टाकलं.

कोण कोणात कसं अडकलं हे वाचून डोक्यात शिरेना, म्हणून बाथरूममधल्या दोन रबरी चपला घेतल्या. वरची वैमानिक ग्लेन रोजॉनची, खालची वैमानिक विल्यम मॅकनॅबची. बी-17च्या पोटाखाली एक गोल बुरूज असतो, बॉल टरेट. त्यात एक माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसतो. बंदुका सरळ खाली केल्या, तरच त्याचं दार विमानाच्या आत उघडतं. चपलांमध्ये मी आमटीची वाटी ठेवली. वरच्याचा बुरूज खालच्याच्या छतात घुसलेला, खालच्याच्या छतावरच्या बंदुका वरच्याच्या पोटात. चपला दाबून वाटी फिरवून पाहिली. हलेना. बायको वाटी मागायला आली होती, सगळं ऐकून म्हणाली, “आणि आत बसलेला?” त्याचं नाव जो रुसो. तो ‘हेल मेरी’ची प्रार्थना म्हणत होता आणि ती इतरांना कानातल्या यंत्रावर ऐकू येत होती. वाटी तिने त्या दिवशी नेली नाही.

आता मुख्य मुद्दा, चूक कोणाची. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न असतो, सुरक्षित अंतर ठेवलं होतं का? इथे सगळं उलटं निघालं. ही विमानं मुद्दाम पंखाला पंख लावून उडायची, म्हणजे सगळ्यांच्या बंदुका मिळून एक कुंपण होतं. अंतर ठेवणारा एकटा पडतो आणि लढाऊ विमानं त्यालाच गाठतात. हॅम्बुर्गवर बॉम्ब टाकून परतताना रोजॉनच्या पुढचं विमान पेटून पडलं आणि ती फट भरायला तो पुढे सरकला. त्याच वेळी खालून मॅकनॅबचं विमान वर आलं. त्या एका दिवसात या ग्रुपची बारा विमानं गेली, म्हणजे फटींना तोटा नव्हता. नियम मोडला नाही म्हणून अपघात झाला, असा पंचनामा मी जन्मात वाचला नव्हता.

पुढचं सगळं रोजॉनच्या बाजूने कळतं. आपली चारही इंजिनं त्याने बंद केली. खालच्याची तीन अजून चालूच होती. उड्या मारायला सांगितलेल्यांपैकी सहवैमानिक विल्यम लीक मात्र गेला नाही. दोघांनी समोरच्या पॅनलला पाय टेकवून दांडे ओढून धरले. वाटेत एका जर्मन विमानभेदी तोफखान्याने हे धूड पाहून मारा थांबवला. विल्हेल्म्सहाफेनजवळ टेटेन्सला ते जमिनीवर आदळलं. खालचं फुटलं, वरचं पुढे फेकलं गेलं आणि दोघं पायी बाहेर आले. लीक सिगरेट पेटवायला निघाला, तेव्हा एका जर्मन शिपायाने सांडलेल्या पेट्रोलकडे बोट केलं. युद्धानंतर दोघांची भेट झाली ती थेट 1987 साली. पुढच्या वर्षी लीक वारला. रुसो विमानातून निघू शकला नव्हता.

सवयीने मी जुन्या पद्धतीचा तक्ता आखला आहे. वरच्या वाहनचालकाचा जबाब: दीड पान. खालच्या वाहनचालकाचा जबाब: मॅकनॅबला जखम झाली होती, का त्याच्या हातात काही उरलंच नव्हतं, सांगायला तो नाही. ऑफिसात अशा कागदावर मी ‘एकतर्फी’ असा शिक्का मारून फाइल परत पाठवायचो. ही कोणाकडे पाठवू?