मोमिनाबादच्या रस्त्यावर पेपर वाचताना

बीडच्या बसस्थानकाबाहेर पुण्या-मुंबईचे पेपर मागे आणि ‘झुंजार नेता’, ‘चंपावतीपत्र’, ‘लोकाशा’, ‘प्रजापत्र’ पुढे मांडलेले. दोन उचलले आणि अंबाजोगाईची लालपरी धरली.

साखर हंगाम तोंडावर आला होता. पहिल्या पानावर कोयत्याचा दर आणि मुकादमाची उचल. इथे कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं. मोठ्या शहरांतल्या पेपरांना हा विषय संप झाला की आठवतो. आत पानभर वाढदिवसाच्या शुभेच्छा, निविदा, वारसाच्या जाहीर नोटिसा. पेपर त्यावरच तगतो, तेव्हा नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण ज्याची चौकशी छापायची त्याचाच हसरा फोटो शेजारी, हे जरा अवघडच.

बसस्थानकावरची पेपरांची रांग पाहून जपान आठवलं. तिथे युद्धकाळात, 1942 च्या सुमारास, सरकारने पेपर एकमेकांत विलीन करून ‘एका प्रांताला एक पेपर’ असा शिरस्ता घातला. तिथले बरेच बलाढ्य प्रादेशिक पेपर त्यातूनच आले. इथे एका जिल्ह्यात पेपरांची ही गर्दी! तिच्यामागे जुनी उपासमार असावी. मुंबईत ‘दर्पण’ निघालं 1832 मध्ये. इथे निजामाच्या राज्यात मात्र विसाव्या शतकातही गश्ती क्रमांक 53 या परिपत्रकामुळे साधी जाहीर सभासुद्धा परवानगीशिवाय भरवता येत नसे, तिथे मराठी पेपर कुठून निघणार? तरीही आ. कृ. वाघमाऱ्यांनी 1930 च्या दशकात ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं. निजाम सरकारने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा अंक काढत. पुढे अनंत भालेरावांच्या संपादकपदाखाली 1968 मध्ये त्याचं दैनिक झालं.

मांजरसुंबा, नेकनूर, केज मागे टाकत गाडी अंबाजोगाईला लागली. निजामाच्या काळात हेच मोमिनाबाद, लष्करी छावणीचं गाव. इथल्या योगेश्वरी शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. 1938 मध्ये ते हैदराबाद संस्थानातल्या निजामविरोधी आंदोलनात उतरले. पुढे 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात सामील झालं आणि मग कुठे इथे मोकळेपणाने छापता येऊ लागलं.

गावाबाहेर मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ 1188 चा मानला जातो. इथल्या स्थानिक दैनिकाचं नावही तेच. ग्रंथात ब्रह्मविचार, दैनिकात नगरपालिकेचं पाणी. समाधीवरून परतताना तोही अंक घेतला. बीडच्या पेपरांत नसलेली अंबाजोगाईची बातमी त्यात हमखास सापडते.