नळीतली दोरी

आमच्या रेंजवरची सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे नारिंगी नायलॉनची दोरी. गवत कापायच्या यंत्रात घालतात, तीच. शेती अवजारांच्या दुकानात तिचं वेटोळं मिळतं. त्यातला दोन हातांचा तुकडा कापायचा, एका टोकाला चिकटपट्टीचा झेंडा करायचा आणि दुसरं टोक रायफलच्या मागून नळीत सरकवत पुढून बाहेर काढायचं. दोन्हीकडून दोरी दिसली की नळी रिकामी. आत पेलेट असेल तर ती अडते. दोन-अडीच लाखांच्या जर्मन रायफलीतून पाच-दहा रुपयांची दोरी लोंबताना बघून नवे पालक जरा हिरमुसतात.

पहिले काही दिवस मुलांच्या हातून मी हेच करून घेते. दोरी घाल, काढ, परत घाल. एका वडिलांना ते काही पटेना. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, पोरीला बंदूक कवा देणार?"

"देऊ की. दोरी नीट घालायला आली की देऊ."

"त्यात काय यायचंय?"

सिलिंडर काढलेली एक रायफल टेबलावर होती. म्हटलं, घाला. त्यांनी ती उचलली, भोक कुठं आहे ते बघायला नळी स्वतःकडं वळवली आणि डोळा लावून आत डोकावले. पोरगी किंचाळली, "पप्पा!" ते इतके दचकले की रायफल मलाच धरावी लागली. तेव्हापासून ते मागच्या बाकावर गुमान बसतात.

त्यांना तरी काय बोलायचं? आपल्याकडं छऱ्याच्या बंदुकीची पहिली ओळख जत्रेत होते. फुगेवाला बंदूक मोडतो, छर्रा भरतो आणि भरलेली बंदूक आपल्या हातात देतो. फुगा फुटला की आपण हसत मागं वळतो, बरोबरच्यांना दाखवायला. वळताना बंदूक हातातच असते आणि तिची नळी शेजारच्या भेळवाल्यापासून मावशीपर्यंत सगळ्यांवरून फिरून येते. त्यात भर म्हणजे ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय मिळते. परवाना नाही म्हणजे खेळणंच, असा लोकांचा हिशेब. डोळ्याला तो हिशेब ठाऊक नसतो.

मुलांना नेम शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत. हे मागं वळणं मोडायला मात्र महिने जातात. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट त्याच्या नऊपट रुंद. पहिल्यांदा त्या ठिपक्याच्या मधोमध शॉट बसतो आणि स्क्रीनवर १०.९ उमटतं, तेव्हा अकरा वर्षांचं पोर काय करणार? "मॅडम!" म्हणून गर्रकन वळणारच. म्हणून आम्ही मान वळवायची तालीम करतो. खांदे टार्गेटकडं, नळी टार्गेटकडं, मागं वळते ती फक्त मान. किंवा सरळ बोल्ट उघडायचा, दोरी घालायची, रायफल खाली ठेवायची आणि मग हवं तर नाचायचं. बाहेरून बघणाऱ्याला हे घुबडांचं शिबिर वाटत असेल.

१ ऑगस्ट २०२४ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमधल्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं, आणि आमच्या १० लेनच्या हॉलपुढं चपलांचा ढीग लागला. कोल्हापूरला हे काही अगदीच नवं नव्हतं. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं, तेव्हाही गर्दी झाली होती. पण या वेळी लोक हिशेब करूनच आले होते. किती वर्षांत स्टेट, किती वर्षांत नॅशनल, रेल्वेत नोकरी लागते का? हॉलचं बाजूचं दार आतून कडी लावून का ठेवता, हे एकानंही विचारलं नाही.

विचारायला हवं होतं. ते दार टार्गेटच्या बाजूला उघडतं. हॉल पूर्वी एका व्यापाऱ्याचं गोडाऊन होता. माल चढवायला त्यानं ते पाडलं होतं. आम्ही कडी लावली, बाहेर लाल दिवा लावला, पाटी रंगवली. तरी एका दुपारी सराव चालू असताना तिथून ट्यूबलाइट बदलायला आलेला वायरमन शिडीसकट आत आला. कडी मीच उघडी ठेवली होती, सकाळी केर बाहेर टाकताना. माझी पाठ होती. मोठी मुलं नेमात बुडालेली. डायऑप्टरच्या, म्हणजे रायफलवरच्या मागच्या साइटच्या, बारीक भोकातून आपल्या टार्गेटपलीकडचं जग दिसतच नाही. पाहिलं ते बाकावर पाय हलवत बसलेल्या सर्वांत लहान मुलीनं. ती ओरडली, "स्टॉप!"

सगळ्या रायफली खाली आल्या. वायरमन तिथंच शिडी धरून उभा. "काय झालं ओ मॅडम?" असं विचारलं त्यानं.

आमच्याकडं हुकूम चारच आहेत: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्पर्धेतले तेच. एकदा एका भाषाप्रेमी गृहस्थांनी सुचवलं, मराठीत म्हणा की, 'थांबा'. मराठी माझीही आवडती आहे. पण आमच्या हॉलमध्ये 'थांब' हा शब्द दिवसात शंभरदा ऐकू येतो. थांब गं, वेणी घालते. थांब, डबा राहिला. थांबा हो, गाडी काढतोय. शंभरदा ऐकलेल्या शब्दानं बोट थांबत नाही. 'स्टॉप' आम्ही एरवी कधीच उच्चारत नाही, चेष्टेतसुद्धा नाही. म्हणून तो राखून ठेवलेल्या नोटेसारखा कोरा राहिला आहे.

आणि तो कुणीही उच्चारू शकतं. कोचच हवा असं नाही. बाकावरची लहान पोर, पाणी आणून देणारी मावशी, कुणाची तरी आजी. स्टॉप झाल्यावर कारण विचारायचं ते रायफली खाली गेल्यावर. कारण फुसकं निघालं तरी रागवायचं नाही, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे आणि तोच पाळायला सगळ्यांत अवघड जातो. एकदा पाल पडली म्हणून स्टॉप झाला. राज्य स्पर्धेच्या तयारीतली एक मोठी मुलगी साठातल्या ५२व्या शॉटवर होती, सुरेख लय लागलेली. ती चिडली. तिचं चिडणं रास्त होतं, तरी पाल बघणाऱ्या पोराला मी शाबासकी दिली. त्याला त्या दिवशी गप्प केलं असतं तर पुढचा वायरमन आत येताना ते गप्पच बसलं असतं.

आमची मुलं 'मावळंकर' खेळायला जातात. स्पर्धेचं नाव त्यांना पाठ. पण मावळंकर कोण, असं विचारलं तर छतावरच्या पंख्याकडं बघतात. लोकसभेचे पहिले अध्यक्ष, दादासाहेब मावळंकर. १९५१मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, तिचेही पहिले अध्यक्ष तेच. मला यात गंमत वाटते ती वेगळीच. सभागृहात अध्यक्ष उठून उभे राहिले की बोलणाऱ्या सदस्यानं वाक्य अर्धवट टाकून खाली बसायचं, असा दंडक आहे. दादासाहेबांना आमचा 'स्टॉप' समजावून सांगावा लागला नसता.

सिलिंडरचं मात्र समजावून सांगून घसा बसतो. रायफलच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबानं हवा भरतात. मोटारीच्या चाकात असते साधारण सव्वादोन. चाक फुटल्याचा आवाज ऐकला असेल, तर बाकीचा गुणाकार ज्यानं त्यानं करावा. सिलिंडरवर मुदत कोरलेली असते. मुदत संपली की तो दिसायला कितीही नवा असो, भरायचा नाही. स्पर्धेतही ती बघायची जबाबदारी खेळाडूचीच असते. आमच्या गावाभोवती एमआयडीसी, फाउंड्र्या, वेल्डिंगची दुकानं. कंप्रेसर बंद पडला की एखादा पालक मोठ्या मनानं पुढं येतो: "आणा हिकडं, आमच्या वर्कशॉपातनं भरून देतो. ऑक्सिजनचं नळकांडं भरलेलंच हाय." अशा वेळी मी फार सभ्य राहत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनला तेलाचा, ग्रीसचा नुसता हात लागला तरी भडका उडू शकतो. रायफलला कोरडी, स्वच्छ हवाच लागते आणि ती सावकाश भरावी लागते, कारण घाईनं भरलं की सिलिंडर तापतो. कंप्रेसर बंद असेल त्या दिवशी आम्ही नुसता ड्राय फायर, म्हणजे पेलेटशिवाय सराव, करतो. काही बिघडत नाही.

शिशाचा धोका दिसत नाही, म्हणून तो सर्वांत दुर्लक्षित. पेलेट शिशाचं, ५००चा डबा पाव किलोहून थोडा जास्त भरतो. जुने नेमबाज चार-पाच पेलेट ओठात धरून एकेक काढायचे, सुपारीसारखे. आता कुणी तसं केलं तर मी त्याला घरी पाठवते. फायरिंग पॉइंटवर खायचं नाही, हात साबणानं धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. टार्गेटकडची बाजू झाडूनं झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आमच्या मावशींना हे पहिल्यांदा अपमानासारखं वाटलं. "माझ्या झाडण्यात काय खोट हाय?" मग त्यांना खिडकीच्या कवडशात उडणारी करडी धूळ दाखवली. आता पोरांच्या हातांना साबणाचा वास येतो की नाही, हे त्याच हुंगून बघतात.

आता दोरीवर परत येते, कारण ती माझ्या चुकीतून आली आहे. मी खेळत होते तेव्हा आमच्याकडं साइडलिव्हरच्या जुन्या रायफली होत्या आणि दोऱ्या नव्हत्या. बोल्ट उघडा ठेवला की झालं, असं सगळे मानत. एका संध्याकाळी माझी फार छान सीरिज झाली. दहा शॉट, एकही बाहेर नाही. अकरावा भरला, लिव्हर ओढून बंद केली, तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली. मी हसत रायफल खाली ठेवली आणि गेले. परत आले तेव्हा नव्या दोघी मुली ट्रिगर कसा दाबायचा विचारत होत्या. माझा त्या दिवशी फार रुबाब होता. हॉलच्या कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडं रायफल रोखून म्हटलं, "बघा, दाबायचा नाही, पिळायचा, असा."

कपाटाचा आवाज अजून कानात आहे. पेलेट चपटं होऊन माझ्याच पायाशी आलं. त्या दोघींपैकी एक कपाटापासून दोन पावलांवर होती. तिला काही झालं नाही. पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही, आणि तिच्या आईला तोंड दाखवायला मला वर्ष लागलं.

नवशिकी असते तर ती चूक झाली नसती. नवशिकी पोरं बंदुकीला भितात, दोनदा तपासतात. चूक करतो तो चार-पाच वर्षं खेळलेला, चांगल्या दिवशी, चांगल्या सीरिजनंतर. म्हणून नवा नियम करताना मी आळशी किंवा खोडकर पोर डोळ्यांपुढं आणत नाही. त्या संध्याकाळची मी आणते, चहाचा कप हातात घेऊन येणारी. तिला समजावून काही उपयोग नव्हता, तिला सगळं ठाऊकच होतं. तिच्या हातात एक दोरी हवी होती, जी घातल्याशिवाय रायफल खाली ठेवताच येत नाही.

ते कपाट मी इकडं आणलं आहे. पोचा रंगवला नाही. त्यात आता साबण, फडकी आणि दोऱ्यांचं वेटोळं असतं. रात्री बंद करताना दहा दोऱ्या मोजते. एक कमी भरली तर दिवे मालवत नाही. बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी जॅकेटच्या खिशात निघते आणि एखाद्या घरी साडेनऊला फोन जातो. पालक वैतागतात.

मुलाला एखाद्या रेंजवर घालायचं मनात असेल तर आधी मागच्या बाकावर अर्धा तास बसा. भिंतीवरचे फोटो आणि कप नंतर बघता येतील. तेवढ्या वेळात कुणाला तरी झकास शॉट लागेलच. ते पोर मागं कसं वळतं तेवढं बघा, आणि मग फीचं विचारा.