वडिलांचे अनेकवचन

१९ वर्षे इंग्रजी शिकवून झाल्यावर, वयाच्या ४२ व्या वर्षी, मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. ते साल १९९७. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी व परकीय भाषा संस्थेने सेवेतील शिक्षकांसाठी दूरस्थ पद्धतीने चालविलेला, इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी घेतला. आमची सांगलीला हळदीची अडत. घरात बेत सांगितला तेव्हा मामंजींनी वही मिटली आणि विचारले, "भांडवल घालायला हरकत नाही; पण नफा कोणत्या खात्यावर जमा धरायचा?" मला उत्तर सुचले नाही. शुल्क मात्र त्यांनीच भरले.

ही संस्था १९५८ साली केवळ इंग्रजीसाठी स्थापन झाली. १९७२ मध्ये तिच्यात परकीय भाषा आल्या आणि २००७ साली ती केंद्रीय विद्यापीठ झाली. उस्मानिया विद्यापीठाच्या शेजारीच तिचे आवार आहे. छापील पाठ टपालाने येत, स्वाध्याय लिहून परत धाडायचे आणि संपर्कवर्गासाठी काही दिवस हैदराबादला राहायचे. सोलापूरपर्यंत एसटी आणि पुढे आगगाडी, असा तो प्रवास. वर्गात सारे माझ्यासारखेच, डोक्यात पांढरे केस आणि बोटांना खडू. आपल्याला इंग्रजी येते या खात्रीने आम्ही सगळे तिथे गेलो होतो.

पहिला धक्का ध्वनिविचाराने दिला. इंग्रजीची अक्षरे २६. पण इंग्लंडमधील ज्या प्रमाण उच्चाराचा आम्ही अभ्यास केला त्यात ध्वनी ४४, म्हणजे २० स्वर आणि २४ व्यंजने. इंग्रज माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा त्याच्या 'प'मधून हवेचा झोत निघतो आणि तो आपल्या कानाला जवळजवळ 'फ' वाटतो. 'स्पिन' म्हणताना मात्र तो झोत नाहीसा होतो. आपल्या मराठीत 'पळ' आणि 'फळ' हे दोन वेगळे शब्द. इंग्रज कानाला या दोन 'प'मधला भेद जाणवतही नाही. रात्री स्वयंपाकघरात आगकाडी ओठांपुढे धरून मी 'पिन, स्पिन' करीत बसे. ज्योत विझली की उच्चार बरोबर! सासूबाईंना वाटले, वीज गेली.

सासूबाईंचे माहेर शिरोळ तालुक्यातले. त्या घरी कानडी बोलत. माझे माहेर पुण्याचे. त्यांचे कानडी वळणाचे मराठी मला प्रारंभापासून खटकत आले होते. शाळेतल्या मैत्रिणी आल्या की त्यांनी फार बोलू नये असे मला वाटे. मी तसे कधी म्हटले नाही, पण त्यांना कळत असावे. कारण चहा ठेवून त्या लगेच आत जात. आणि संस्थेच्या ग्रंथालयात माझ्या हाती पडला जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला निबंध. विषय, आमच्याच सांगली जिल्ह्यातील 'कुपवार' हे गाव! तेथे जैनांच्या घरी कानडी, मुसलमानांच्या घरी उर्दू आणि एकमेकांशी व्यवहार करताना मराठी. शतकानुशतके शेजारी नांदून या भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली की एकीचे वाक्य दुसरीत नेताना शब्दामागे शब्द ठेवत गेले तरी भागते. ज्याला मी मोडके मराठी समजत होते त्याला असा साचा होता. घरी येऊन मी सासूबाईंना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "एवढं बघाय परदेशातनं आलते व्हय?" पुढच्या वेळी मैत्रिणी आल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून बाहेर बसविले. त्या बसल्या, पण फारसे बोलल्या नाहीत. इतक्या वर्षांची सवय एका निबंधाने कशी जावी?

शेवटचा स्वाध्याय होता आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुका गोळा करून त्यांची वर्गवारी करण्याचा. स्टीफन पिट कॉर्डर यांनी १९६७ सालच्या एका निबंधात मांडले होते की, विद्यार्थ्याच्या चुकीत त्याने मनाशी बांधलेली व्यवस्था दिसते. वाचायला सोपे होते. वह्या पुढ्यात घेतल्यावर मात्र माझी १९ वर्षांची लाल शाई मलाच दिसू लागली. 'यस्टरडे ओन्ली ही केम' हे वाक्य मी किती वेळा खोडले असेन! तो 'ओन्ली' म्हणजे आपला 'च' होता: 'कालच आला'. इंग्रजी हे काम आवाजाच्या आघाताने करते आणि आघात काही आम्ही कधी शिकविला नव्हता.

मग एका मुलीच्या वहीत 'माय ग्रँडफादर आर' असे आढळले, आणि माझा हात थांबला.

दहाएक वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाने 'माझे कुटुंब' या विषयावर लिहिले होते, 'माय फादर आर इन द मार्केट यार्ड. माय मदर इज ॲट होम.' पानभर वडिलांना 'आर' आणि आईला 'इज', एकदाही चुकून अदलाबदल नाही. मी भर वर्गात विचारले होते, "काय रे, तुला वडील आहेत तरी किती?" वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर दहावीपर्यंत तो मुलगा माझ्या तासाला आपणहून एक शब्दही बोलला नाही.

माझे वडील आहेत, माझी आई आहे. मराठीत वडिलांना आदरार्थी अनेकवचन लागते, आईला लागत नाही. (ते का, हा प्रश्न आपण बायकांनी कधीतरी विचारायला हवा.) त्याने आपल्या भाषेचा नियम तंतोतंत पाळला होता. इंग्रजीत ती चूकच. परीक्षक गुण कापणारच, आणि मीही ती दुरुस्त केलीच पाहिजे. पण त्याचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. आमच्याच पेढीवर पोती वाहत. त्यांना सारा बाजार 'अरे' म्हणे, आम्हीही. त्यांना अनेकवचन देणारा एकटा तो मुलगा होता आणि त्याला मी चाळीस मुलांत हसले होते.

स्वाध्यायाला चांगली श्रेणी मिळाली. त्यात हा प्रसंग मी लिहिला नव्हता.

निकालानंतर एकदा पेढीवर गेले असता ते गृहस्थ पायरीशी उभे होते. मी म्हटले, "या, बसा." त्यांनी मागे वळून पाहिले, दुसरे कोणी आले असावे, असे त्यांना वाटले. मी पुन्हा "बसा" म्हटल्यावर ते पायरीवरच टेकले. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला असल्याचे त्यांनी सांगितले. पत्ता घेऊन त्याच रात्री मी पत्र लिहिले, मराठीत. त्याच्या वाक्यामागचा नियम कोणता, तो मला तेव्हा कसा ठाऊक नव्हता आणि हसणे ही माझी चूक होती, एवढेच त्यात होते.

उत्तर आले नाही. दिवाळीत वडील बोनस घ्यायला आले तेव्हा मी त्यांना पत्राविषयी विचारले. "वाचलं पोरानं," ते म्हणाले. काय म्हणाला, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.