पोर्थॉसचा पट्टा

साठीनंतर माणसाला कोणते खूळ लागावे याला काही नियम नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होमिओपॅथी शिकले, दुसरे शेजारपाजारच्यांच्या पत्रिका मांडू लागले. मी बाहुल्या रंगवतो. ‘बाहुल्या’ हा शब्द आमच्या घरातला. माझ्या मते ते वीरपुरुष आहेत, फक्त उंचीने जेमतेम ५४ मिलिमीटर. आजमितीस कपाटात एकतीसजण उभे आहेत आणि सगळे कादंबऱ्या-नाटकांतून आलेले आहेत. इतिहासातले सेनापती मी ठेवत नाही. त्यांचे पुतळे चौकाचौकांत आहेत.

हे वीर घरी येतात तेव्हा मात्र त्यांची अवस्था दयनीय असते. शिसे-कथलाचे करड्या रंगाचे तुकडे, हात निराळा, तलवार निराळी, टोपी तिसरीकडे. साच्याची शीव कानशीने घासायची, साबणाच्या पाण्याने धुवायचे, मग अस्तर लावायचे. अस्तर नसेल तर रंग धरत नाही, पोपडे निघतात. त्यानंतर चेहरा. डोळ्याचा ठिपका द्यायच्या वेळी मी श्वास रोखतो, दोन्ही मनगटे एकमेकांना टेकवतो, आणि तरीही दहातल्या चारांना तिरळेपणा येतो. तिरळ्या माणसाच्या हाती तलवार शोभत नाही, समोरच्याला तो नक्की कुणावर धावून येतोय तेच कळत नाही. माझा हात हल्ली थोडा कापतो. हे घरी ठाऊक आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. १९१९ साली मॅकलीने जन्माला घातलेला झोरो सगळा काळा. पण नुसता काळा रंग लावला तर माणसाऐवजी भोक दिसते, म्हणून कडांना निळसर छटा द्यावी लागते. रोस्ताँच्या १८९७ सालच्या नाटकातल्या सिरानोचे नाक साचेवाल्याने भिडस्तपणे लहान ठेवले होते, त्याला मी दोनदा लांबी लावली. सबातिनीचा कॅप्टन ब्लड मुळात डॉक्टर, म्हणून त्याचे हात स्वच्छ ठेवले. पण खरा जीव आहे तो द्यूमाच्या मस्केटिअरांवर. १८४४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिचा नायक दार्तान्यां म्हणजे निव्वळ कल्पना नव्हे. त्या नावाचा सरदार खरोखरच होऊन गेला आणि १६७३ साली मास्त्रिख्तच्या वेढ्यात पडला. गोष्ट सुरू होते १६२५ साली, तेव्हा तो बिचारा अजून पोरवयातच असणार! पण द्यूमाला असल्या हिशेबाची फिकीर नव्हती.

मला हे लोक नानांनी भेटवले. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंगणात किल्ला करायचो. मातीचे मावळे बाजारातून यायचे. त्यांतल्या टवके उडालेल्या चार मावळ्यांना नानांनी एकदा कपड्याची नीळ फासली आणि काडीने चुन्याचा पांढरा क्रूस काढला. “हे फ्रान्सच्या राजाचे शिपाई. महाराजांकडे पाहुणे आलेत,” नाना म्हणाले. मग रोज रात्री हळिवावर पाणी शिंपडून झाले की गोष्ट पुढे सरके.

नाना कचेरीत कारकून. कोट एकच. पुढून इस्त्रीचा, रुबाबदार. पाठ मात्र खुर्चीला घासून विरलेली, मधली शिवण आईने रफू केलेली. म्हणून ते कोटावर शाल घेत. मी आठ वर्षांचा असेन. पाडव्याला आम्ही त्यांच्या साहेबांकडे फराळाला गेलो. बाई म्हणाल्या, “उकडतंय किती, शाल काढून ठेवा ना.” नाना म्हणाले, “जरा सर्दी आहे,” आणि दोनदा खोकले. तोंडात चकली असताना मी म्हणालो, “नानांना सर्दी नाहीये. कोट पाठीवर फाटलाय.”

सगळे हसले. नानाही हसले. येताना रस्ताभर त्यांनी माझे बोट धरले होते, पण एक शब्द बोलले नाहीत.

त्याच आठवड्यात गोष्टीत दार्तान्यां धावता धावता पोर्थॉसच्या झग्यात गुरफटला. पोर्थॉस चिडला आणि त्याने द्वंद्वाचे आव्हान दिले. मी विचारले, “एवढा का चिडला?” नाना म्हणाले, “चिडला. काही माणसं चिडतात.” आणि ते पुढे आरामिसच्या रुमालावर गेले.

कॉलेजात असताना ते पुस्तक हाती आले. पोर्थॉसच्या अंगात विटका, झिजलेला आकाशी डगला, त्यावर तलवारीचा जरतारी पट्टा, आणि वरून किरमिजी मखमलीचा लांब झगा. सर्दी झाली आहे असे सांगून तो मुद्दाम खोकत असतो. चौथ्या प्रकरणात दार्तान्यां झग्याखाली सापडतो तेव्हा त्याला दिसते, की पट्ट्याची जर फक्त समोरून आहे. पाठीकडे साधे चामडे.

मी घरी आलो. नाना वर्तमानपत्र वाचत होते. म्हटले, “थ्री मस्केटिअर्स वाचायला घेतलंय.”

“कुठवर आलास?”

“चौथं प्रकरण झालं.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “पुढे फार छान आहे,” म्हणाले आणि पान उलटले. तो विषय पुन्हा निघाला नाही. नाना जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली.

इंग्लंडहून भाच्याने पोर्थॉस आणला तो दोन वर्षे खोक्यात पडून होता. बाकीचे तिघे रंगवून झाले, ह्याला हात लावायचा धीर होईना. ह्या दिवाळीआधी काढला. झगा निराळा ओतलेला. तो चिकटवला की पाठ कायमची झाकली जाणार. पुढची जर तासाभरात झाली. पाठीचे चामडे मात्र मी दोन संध्याकाळी रंगवले. आधी तपकिरी, मग पातळ काळपट रंगाचा हात, मग कडेची शिवण, एकेक टाका. डगल्याच्या पाठीवर, पुस्तकात नसलेले एक रफूही घातले, निराळ्या रंगाच्या दोऱ्याचे.

नात शेजारी उभी होती. “आजोबा, हे तर झग्याखाली जाणार. कुणाला दिसणारच नाही.”

“नाही दिसणार.”

“मग कशाला एवढं?”

“त्याला सर्दी झाली आहे,” मी म्हटले. “जरा तो झगा दे इकडे.”

तिने झगा दिला. मी चिकटवून, वाळेपर्यंत चिमटीत धरून बसलो. संध्याकाळी कपाटात पाहतो तो पोर्थॉस जागेवर नाही. गच्चीत गेलो. तिच्या किल्ल्यावर, ओल्या हळिवात, मावळ्यांच्या रांगेत तो उभा होता. पायांना चिखल लागला होता.