दिव्यांची पारख

नाताळच्या नाटकासाठीं दिवे निवडण्याचें काम यंदा मजकडे आलें, तेव्हां प्रथम आठवली ती गतवर्षींची फजिती. रंगीत दिवे लखलखत होते खरे. पण मरिया झालेल्या माझ्या धाकट्या बहिणीचा चेहरा इतका निळसर दिसला, कीं तिसऱ्या रांगेंत बसलेल्या आजीला नातीची ओळखच पटली नाहीं. तिचें हिरमुसलेलें तोंड मी विसरलों नव्हतों.

जठारपेठेंतील एका दुकानीं दोन प्रकारचे एलईडी दिवे पाहिले. एकाच्या किंमतींत दुसरे दोन येत. मुलांचा कल अर्थातच स्वस्त दिव्यांकडे होता. मीं खोलींत अंधार करवून दोन्ही झोत ५ मीटरांवरील पांढऱ्या भिंतीवर पाडले. स्वस्त दिव्याचा झोत ४५ अंशांचा, त्याचें वर्तुळ सुमारें ४ मीटर रुंद. दुसऱ्याचा २५ अंशांचा, वर्तुळ सुमारें २.२ मीटर. म्हणजे पहिल्याचा उजेड जवळजवळ साडेतीनपट जागेवर विखुरला जाई. मग मीं झोताआड हात धरला. पहिल्यांतील तांबडे, हिरवे व निळे मणी अलग असल्यानें भिंतीवर रंगीबेरंगी सावल्या उमटल्या व तळहात निस्तेज दिसला. दुसऱ्यांत ह्या तिहींसवें पांढराही रंग एकाच भिंगामागें मिसळे. सावली एक, तळहात सजीव.

१८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें तें ज्योतींच्या उजेडांत. ज्योत मंद खरी, परंतु तिच्या उजेडांत रंगांची मालिका सलग असते; म्हणून तिच्यापुढें माणसाचा चेहरा माणसाचाच दिसतो.

अखेर आठ स्वस्त दिव्यांऐवजीं चार चांगले घेतले. "रंगमंच काळोखा राहील," असा आक्षेप आला. मीं म्हटलें, "दिवे निम्म्या अंतरावर आणूं, उजेड चौपट पडेल. गव्हाणी उजळली म्हणजे झालें. बेथलेहेमांत रात्रच होती!"

आक्षेप अगदींच खोटा नव्हता. एक मेंढपाळ आपलें भाषण कोपऱ्यांतील अंधारांतच बोलून गेला व प्रेक्षक हंसले. त्याची मीं मागाहून क्षमा मागितली. पुढील वर्षीं पैसे साठवून पांचवा दिवा त्याच कोपऱ्यासाठीं घ्यावा, ही माझ्यामागून येणाऱ्या बंधूंस विनंती.

पडदा पडल्यावर आजी मात्र काठी टेकीत पुढें आली आणि म्हणाली, "यंदा ओयखू आली माही नात."